रंग न सोडणारा हात

सुरभीच्या साखरपुड्याचा फोटो अश्वजितनं सिंदीतल्या आपल्या स्टुडिओत काळापांढरा केला. तिच्या सांगण्यावरून फक्त साडी लाल ठेवली. पण तिच्या खांद्यावर ठेवलेला नवरदेव चंदनचा हातही रंगीत राहिला. सोललेल्या मांसासारखा गुलाबी आणि ओलसर.

"दादा, हात असा काऊन दिसून राह्यला?" शेजारी बसलेल्या सुरभीनं नाक मुरडलं.

"थांब, सगळाच रंग काढतो."

साडी करडी झाली. हात गुलाबीच राहिला.

अश्वजितनं स्क्रीन पुसली. फडकं बुळबुळीत झालं, नासक्या मटणाचा वास सुटला. त्यानं कॉम्प्युटरच बंद केला.

सुरभी ओढणीनं खांदा खसाखसा घासत होती.

"दादा, हे चिकट जाऊन नाई राह्यलं."

बाहेर हॉर्न वाजला. चंदन तिला न्यायला आला होता.