वाईनसोबत तिसऱ्या

शाल्मलीच्या नवऱ्याच्या साहेबांनी ग्रीसच्या बेटावरून आणलेली पांढरी वाईन जिभेवर घोळवली आणि चीजची बशी बाजूला सारली. "या वाईनसोबत समुद्रातलंच काहीतरी हवं. मासळी नाही का घरात?"

"छे, आमच्याकडे कुणी खातच नाही," शाल्मली हसून बोलून गेली. त्यांच्यापुढे तिला कोळीवाड्यातली पोर म्हणून दिसायचं नव्हतं. आत आईनं उरणहून आणलेल्या तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं नुकतंच उतरवलं होतं.

थोड्या वेळानं बाटलीसाठी बर्फ आणायला ती आत गेली, तर कढई घासून पालथी घातलेली.

"मागच्या दारानं शेजारी देऊन आले सगळं," आई हळूच म्हणाली. "कुणी आत डोकावलं असतं, तर तुझा शब्द खोटा पडला असता, बाय. तुझ्यापुरत्या वाटीभर राखल्यात. पाहुणे गेले की खा."

आईला दाखवायला शाल्मलीला तोंड उरलं नव्हतं, आणि बाहेरच्यांनाही.