तेवीस सेकंद

पडद्यावर ओळी वर सरकत होत्या आणि साधना त्यांच्याकडे बघत बसली होती. डेटाबेसचा सर्व्हर कोणती फाइल उघडतो, तिच्यातून किती वाचतो, कुठे काय लिहितो, याची एकेक नोंद तिने लावलेला छोटा प्रोग्रॅम दाखवत होता. कूलर घरघरत होता. खिडकीला ओला पडदा होता आणि त्याच्या पलीकडे अमरावतीची दुपार पांढरी पडली होती.

अंधांसाठीचं ते वाचनालय होतं. पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायची, सर्व्हरवर ठेवायची, आणि लोकांनी घरबसल्या मोबाइलवर ऐकायची. महिनाभर मात्र दोन वाजले की सगळंच अडखळायला लागे. नांदगावपासून अकोल्यापर्यंत कुणाचं ना कुणाचं पुस्तक वाक्याच्या मध्येच थांबे. कारण शोधायला साधनाला बोलावलं होतं.

बघता बघता ओळींचे अर्थ पुसट झाले, नुसती लय उरली. शेकडो फाइली निजल्यासारख्या पडून होत्या. एकच फाइल, तिला नावही नव्हतं, नुसता आकडा, पुन्हा पुन्हा वाचली जात होती. सुरुवातीपासून एका ठरावीक जागेपर्यंत. मग जरा विसावा. मग परत सुरुवातीपासून. उन्हातून कुणीतरी लांब चालत येतंय, एका झाडाखाली क्षणभर टेकतंय आणि परत पहिल्या पावलापासून निघतंय, असं तिला वाटत राहिलं.

तिने आकडा जुळवून पाहिला. अकोल्याच्या चारुशीलाबाई नावाच्या निवृत्त शिक्षिकेने वाचलेली ती एक कादंबरी होती. ऐकणारा माणूसही एकच. खुशालराव, मुक्काम शेंदूरजनाघाट. ते रोज कादंबरीतली एकच जागा मागत होते, बारा तासांच्या वाचनातली अगदी शेवटाकडची. वाचनालयाचा प्रोग्रॅम असा अडाणीपणे लिहिलेला, की मधली जागा मागितली तरी सर्व्हर पहिल्या शब्दापासून वाचत तिथवर जाई. तोवर बाकीचे ऐकणारे ताटकळत.

साधनाने कानाला हेडफोन लावले आणि ती जागा ऐकली.

एका बापाने मुलीला गाडीत बसवून दिल्याचा प्रसंग होता. बाईंचा आवाज संथ, थोडा घोगरा. गाडी वळणावर दिसेनाशी झाली, इथे वाक्य संपलं. आणि पुढे काहीच नाही. एक श्वास. खुर्ची किंचित करकरली. आणखी एक श्वास. मग कथा पुढे सुरू. मधली शांतता तेवीस सेकंदांची होती.

व्यवस्थापक पुष्कर तिच्या मागे येऊन उभा राहिला होता. तिने त्याला खुशालरावांचं रोजचं मागणं आणि ती शांतता सांगितली. त्याने सांगितलं की अशा रिकाम्या जागा उद्या सगळ्या पुस्तकांतून कापायच्याच आहेत, यादी तयार आहे. तोवर या माणसाचं खातं बंद ठेवलं तर आजचं तरी निभेल. साधना म्हणाली, आधी त्यांना विचारून बघते.

फोन त्यांच्या सुनेने घेतला आणि बाहेर बाजेवर बसलेल्या सासऱ्याच्या हातात दिला. साधनाने आपण कोण ते सांगितलं. मोबाइल बिघडलाय का, बटण अडकतंय का, असं विचारलं. तसं काही नव्हतं. खुशालराव स्वतःच मागे नेऊन ऐकत होते.

"मग तेवढंच का ऐकता, काकाजी?"



"डोये गेले तवापासून सारे मायाशी बोलतच रायतात," ते म्हणाले. "पाय सांभाळा, चहा आला, अमका आला. बोलनं थांबलं का समजाचं, उठून गेले. गप बसून मायापाशी कोनी रायत नाई." मग म्हणाले, "ते बाई बसते तिथं. बोलत नाई, पन हाये, हे समजते मले."

आपण फोन कशासाठी केला होता, ते साधनाला आता नीट आठवेना. फोन बंद करणं तेवढं तिच्याच्याने झालं नाही. स्पीकर चालू ठेवून तिने तो टेबलावर ठेवला आणि पुष्करकडे हात पुढे केला. त्याने उद्याची यादी दिली. तिने तीतली एक ओळ खोडली, थोडा विचार केला आणि मग पूर्ण यादीवरच आडवी रेघ ओढली. पुष्करने फोनकडे पाहिलं. जाऊन त्याने कूलर तेवढा बंद केला.

मग ती प्रोग्रॅम दुरुस्त करायला बसली. मागितलेली जागा थेट उघडावी, एवढंच करायचं होतं. खोलीत तिच्या बोटांचा हलका आवाज होता. फोनमधून संत्र्यांचे खोके ठेवल्याचा धप्प आवाज येई, लांबून कुणीतरी कुणाला हाक मारी, आणि या सगळ्याच्या खाली एक म्हातारा श्वास. किती वेळ गेला, तिने पाहिलं नाही.

दुरुस्ती बसवून तिने स्वतःच ती जागा मागून बघितली. पडद्यावर एकच छोटी ओळ उमटली. पुष्करने नांदगावच्या एका बाईंना फोन लावून विचारलं. त्यांचं पुस्तक आता न थांबता चाललं होतं.

एवढ्यात टेबलावरचा फोन बोलला.

"गेली का व पोरी?"

"नाही, काकाजी. इथंच आहे. काम करतेय."

"कर मंग," खुशालराव म्हणाले. "बोलू नको."