पाण्याची रांग

"सपशेल आपटलो," चष्मेवाली म्हणाली आणि हातातला खडू टेबलावर टाकला.

वर्ग नुकताच रिकामा झाला होता. पाण्याचा प्रकल्प आखायला दोघी मैत्रिणींनी आठवडाभर डोकं लढवलं होतं, आणि तो सुरू होताच संपला. 'पाणी कसं वाचवावं?' असं फळ्यावर लिहायचा अवकाश, अख्ख्या वर्गानं एका सुरात सांगितलं, "नळ बंद ठेवावा!" मग सगळे घड्याळाकडे बघायला लागले.

"आणि डुलकी चक्क झोपला होता," मैत्रीण म्हणाली.

"झोपला ते बरं. शंकेनं काय विचारलं ऐकलंस ना? हे परीक्षेत कुठे येणार आहे म्हणे!"

वर्गातल्या प्रत्येकाला दोघींनी टोपणनाव ठेवलं होतं. अर्थात ते आपसातच. तोंडावर म्हणायची काय बिशाद!

मुख्याध्यापिकांनी आधीच बजावलं होतं. "प्रकल्पातून शिकणं बोलायला फार गोड वाटतं. करून दाखवा. शाळा सुटल्यावर हा एक वर्ग तुमच्या ताब्यात देते. सोपा नाही हं, आत्ताच सांगते. जमलं, तर पुढच्या सत्रापासून सगळ्या शाळेत प्रकल्पाचा तास. नाही जमलं, तर हा विषय पुन्हा माझ्यासमोर काढायचा नाही."

सुट्टीतल्या शिबिरात दोघी प्रकल्प करून आल्या होत्या. तेव्हापासून नुसतं ऐकून लिहून घेण्याचा तास त्यांना नकोसा झाला होता. सगळ्या शाळेला तो नकोसा होता, पण बोलल्या या दोघीच. आता तोंडघशी पडायची वेळ आली होती.

घरी जेवताना चष्मेवालीचा हात नुसताच भातात फिरत होता.

"ताटात बघ," आई म्हणाली. "शाळा जरा उंबऱ्याबाहेर ठेवून येत जा."

"आई, ज्याचं उत्तर सगळ्यांना पाठ आहे, तो प्रश्न विचारण्यात काय अर्थ?"

"काहीच नाही. म्हणून तर मी तुला अजून वाढू का, असं विचारत नाहीये," आई म्हणाली आणि वाढून मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत दोघी मैदानाच्या कठड्यावर बसल्या होत्या. समोर पाण्याच्या नळांवर नेहमीची झुंबड उडालेली. पहिलीतली पोरं रांगेत ताटकळून पाणी न पिताच परत चालली होती.

"एवढे नळ आहेत, तरी रांग का लागते गं?" मैत्रीण म्हणाली.

"मला नाही माहीत."

"मलाही नाही."

दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या. चष्मेवालीनं कठड्यावरून उडी मारली. शिबिरात हेच तर सांगितलं होतं, आणि त्या नेमकं तेच विसरल्या होत्या. ज्याचं उत्तर आखणाऱ्यालाही ठाऊक नाही, तोच खरा प्रश्न.

पुढच्या तासाला त्यांनी वर्गाला खोलीबाहेर काढून थेट नळांपाशी नेलं. कुरकुर झालीच.

"उत्तर काय ते सांगून टाका ना," शंका म्हणाली. "लिहून घेते आणि जाते."

"आम्हालाच ठाऊक नाही," चष्मेवालीनं सांगितलं.

"ठाऊक नाही? मग शिकवताय काय, कप्पाळ?"

"म्हणूनच शोधायचं. उद्या मधल्या सुट्टीत सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं. मधे घुसायचं नाही."

कधी नव्हे ती वर्गातली मंडळी रांगेत उभी राहिली, तीही चिल्ल्यापिल्ल्यांच्या मागे. डुलकी तिथेही पेंगायच्या बेतात होता. एवढ्यात पुढचं चिमुरडं पाणी न पिताच वळलं आणि त्याच्या पायावर आदळलं. डुलकी दचकून जागा झाला. मग काय वाटलं कोण जाणे, तो त्या पोराएवढा होऊन गुडघ्यांवर बसला आणि त्यानं नळाकडे हात केला.

"अरे!" तो ओरडला. "हे नळ यांच्या हातालाच लागत नाहीत! सगळी बारकी पोरं त्या एका बुटक्या नळावर!"

त्यानंतर वर्गाला आवरणं मुश्कील झालं. नळ खाली घ्यायचे की पायरी बांधायची, यावरून जुंपली. शंकेनं वर्गाच्या पायरीवर पाणी ओतून कोण घसरतं ते पाहिलं आणि स्वतःच घसरली. घरी जायची आठवण कुणालाच राहीना. चष्मेवालीला एकदा राहवलं नाही, ती सांगायला तोंड उघडणार, तोच मैत्रिणीनं तिला कचकन चिमटा काढला. शोधू दे की त्यांचं त्यांना!

शेवटी विटा रचून, वर खरखरीत फरशी घालून पायरी तयार झाली. मुख्याध्यापिका आणि काही पालक बघायला आले. वर्गाच्या वतीनं डुलकी बोलला. सुरुवातीला आवाज कापत होता, पण मग असा रंगला की पालकांनी मधेच टाळ्या वाजवल्या.

मधली सुट्टी झाली. पोरांचा लोंढा आला, नळानळांवर पांगला, आणि रांग लागलीच नाही. पहिलीतली पोरं पायरीवर चढून घटाघटा पाणी पीत होती.

चष्मेवालीचे डोळे भरून आले. मैत्रीण तर उघड उघड रडत होती.

"हरले मी," मुख्याध्यापिका म्हणाल्या, आणि हरल्याचा एवढा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर कुणी कधी पाहिला नव्हता. "पुढच्या सत्रापासून सगळ्या शाळेत प्रकल्पाचा तास!"

वर्गानं एकच जल्लोष केला. सगळ्यांत मोठा आवाज शंकेचा होता.

सुट्टी संपल्याची घंटा झाली. डुलकीनं ओले हात रुमालाला पुसले आणि तो दोघींकडे वळला.

"नळावर तुम्ही आम्हा शिक्षकांच्या बाई," डुलकी सर हसत म्हणाले, "पण आता सातवीवर माझा गणिताचा तास आहे. पळा गं दोघी, माझ्याआधी बाकावर दिसा!"