मागची पायरी

आखाडा बाळापूर ते वारंगा फाटा जीप चालवणाऱ्या मसाजीनं त्या दिवशी चारही टायरांतली हवा तपासून घेतली, टपावर एकही पोतं चढू दिलं नाही आणि सीटा भरल्यावर उरलेल्या माणसांना हात जोडून माघारी पाठवलं. त्याची लेक सत्यशीला तान्ह्या बाळाला घेऊन सासरी निघाली होती आणि त्याच्या शेजारीच बसली होती.

"टायर दबलेलं असलं अन् वर वजन जास्त झालं, की फुटायला वेळ लागत न्हाई," मागच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात तो तिला सांगत होता.

फाट्यावर उतरताना लेकीनं कौतुकानं विचारलं, "बाबा, तुमी रोज असंच नेता का मानसं?"

"व्हय," मसाजी बोलून गेला आणि त्याची नजर मागं बसलेल्या कोमलवर पडली. गल्लीतली ही पोरगी रोज त्याच्याच जीपच्या मागच्या पायरीवर लोंबकळत कॉलेजला जायची. तिनंच मान खाली घातली. मसाजीला मग लेकीच्या तोंडाकडं बघवेना.

दुसऱ्या दिवशीही त्यानं हवा तपासली, टप रिकामा ठेवला. कोमल आली आणि सवयीनं पायरीवर चढून दांडा धरून उभी राहिली.

"आत बस पोरी, जागा हाय," तो हळूच म्हणाला.

तिनं वाकून आत पाहिलं.


"काका, ताई आज बी हाय का गाडीत?"