शुं शुं आवडे

दुर्गाबेनने मांडीवर वही, वहीवर फॉर्म ठेवला, दातांनी पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "बोल वासंती, शुं शुं आवडे तने?"

वासंती गडबडली. सिल्वासात किलवणी रस्त्यावरच्या त्या चाळीत दोघींच्या खोल्या शेजारी शेजारी होत्या. दुर्गाबेन इथलीच, बॅगा शिवणाऱ्या एका कंपनीत सुपरवायझर. तिच्या लाइनीवर एक जागा निघाली होती. वासंतीच्या नवऱ्याची कंपनी बंद पडलेली. ही जागा हातची गेली, तर महिन्याअखेर खोली सोडून तिघांना शिरपूरला परतावं लागणार होतं. फॉर्म गुजरातीत होता, म्हणून प्रश्न दुर्गाबेनने वाचायचे आणि उत्तरं वासंतीने द्यायची, असं ठरलं होतं. ओव्हरलॉक, काज-बटण, इस्त्री, सगळं तिने सकाळपासून घोकून ठेवलं होतं. आणि कंपनी विचारते काय, तर तुला काय काय आवडतं!

मोठ्या कंपन्यांचं तंत्रच वेगळं, अशी तिने मनाची समजूत घातली. पण उत्तर काही सुचेना. नवऱ्याला काय आवडतं, लेक पूजा कशाला नाक मुरडते, सासूबाईंना काय चालत नाही, हे तिने झोपेतून उठवलं तरी घडाघडा सांगितलं असतं. स्वतःचं मात्र तिला आठवावं लागलं.

"भरीत," ती शेवटी म्हणाली. "कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं."

दुर्गाबेनचं पेन थांबलं. तिने एकदा वासंतीकडे पाहिलं, एकदा फॉर्मकडे, आणि पुन्हा लिहायला सुरुवात केली.

"हं. बीजुं? आणखी काय?"

मग वासंतीची भीड चेपली. जांभळा रंग, तोही गर्द, पण तसली साडी लग्नानंतर कधी घेतलीच नाही, म्हणाली. रिकाम्या वेळात काय करतेस, या प्रश्नावर ती आधी लाजली. मग म्हणाली, बाजारात जाताना गुजराती पाट्या वाचते. डोक्यावर रेघ नाही म्हणून अक्षरं बोडकी वाटतात, पण एकेक ओळखीचं होत चाललंय. परवा दातांच्या दवाखान्याची अख्खी पाटी तिने न अडखळता वाचली होती, वेळेसकट. दुर्गाबेन खळखळून हसली आणि लिहीत राहिली.

घरात तुला कुठली वेळ सगळ्यात बरी वाटते, हा प्रश्न ऐकून तर वासंतीला कंपनीचं कौतुकच वाटलं. नवरा काम शोधायला आणि पूजा शाळेत गेली, की ती दारात बसते, पाय उन्हात सोडून. दहाच मिनिटं. हातात काही काम नसतं. हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, लोक आळशी म्हणतील म्हणून. सांगता सांगता अर्धा तास कसा गेला तिला कळलं नाही. सासरी जिला मुकी म्हणत, ती हीच बाई.

तेवढ्यात पूजा ट्यूशनवरून आईला शोधत दुर्गाबेनच्या खोलीशी आली. पोर तीन वर्षं इथल्या गुजराती शाळेत, त्यामुळे गुजराती सराईत. उंबऱ्यात उभी राहून तिने थोडं ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"आई, काय सांगत बसलीयस? गुजरातीत 'आवडे' म्हणजे येतं. कोणकोणतं काम येतं, असं विचारलंय तुला."

नोकरीच्या फॉर्मवर वासंतीने भरीत, साडी आणि दारातलं ऊन सांगितलं होतं. ती घाईघाईने फॉर्मकडे झेपावली. "खोडा ते, दुर्गाबेन. मला ओव्हरलॉक येतं. काज-बटण येतं. इस्त्री..." पुढचं तिला आठवेना.

दुर्गाबेनने शांतपणे फॉर्म तिच्यासमोर धरला. वासंतीने अक्षर अक्षर लावत वाचलं. ओव्हरलॉक. काज-बटण. इस्त्री. ब्लाउज, चेन बसवणं, फाटलेलं रफू करणं, हेही होतं. वांग्याचा कुठे पत्ता नव्हता. तळाशी ओळख देणाऱ्याच्या जागी दुर्गाबेनची सही होती.

"तुला काम काय येते, ते मी तीन वरस बघते," दुर्गाबेन आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली. "माझ्या पोरीचे ब्लाउज कोण शिवते? ते काय विचारायला लागते? पहिला सवाल फॉर्मचा होता. तू भरीत बोलली, मंग बाकीचे माझे."

उद्या कंपनीचा शेठ काय म्हणेल ते म्हणेल, दुर्गाबेनची सही असली की तो सहसा नाही म्हणत नसे. पण या गावात काय किंवा आपल्या गावात काय, कुणी वासंतीसमोर अर्धा तास बसून असलं काही विचारलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले. आभार मानायचे, तर ते फारच परक्यासारखं झालं असतं.

दुर्गाबेन उठली. तिने चहाचं आधण ठेवलं आणि नेहमीसारखा साखरेचा डबा ओढला. तीन वर्षं तिच्या हातचा पाकासारखा गोड चहा वासंती निमूट पीत आली होती.

"दुर्गाबेन," ती म्हणाली, "मला कमी साखरेचा आवडतो."