पुसलेले पट्टे

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दीड महिन्याने प्रमिलाबाई विरजणाची वाटी घेऊन खाली उतरल्या आणि जागीच थबकल्या. समोर राहणाऱ्या हमीदाच्या दाराकडे जाणारे पांढरे पट्टे गायब होते. तिथे ट्रामचे रूळ होते आणि दोन्ही बाजूंना कंबरभर उंच कठडा.

मिरजेचे रस्ते आता पावलं मोजून आपोआप बदलत. माणसं जिथून ओलांडत तिथे पट्टे उमटत. कोणी फिरकलं नाही की पुसले जात.

"मी आजारी होते रे बाबा," त्या रस्त्याच्या वतीने बोलणाऱ्या खांबावरच्या पेटीला म्हणाल्या.

"दहा दिवस रोज इथून ओलांडा, पट्टे परत येतील," पेटी अदबीने म्हणाली.

"ओलांडू कशी? कठडा तूच घातलायस ना!"

दुसरे पट्टे पार स्टेशनपाशी होते. इकडे नवा गुडघा, तिकडे हमीदाचा दमा.

"पमे, विरजण राहू दे, तू नुसती दिसत जा!" हमीदा पलीकडून ओरडली.

रस्त्याला कळावं म्हणून दोघी रोज दहा वाजता कठड्याशी येऊन उभ्या राहू लागल्या.

अकराव्या दिवशी रस्त्याला कळलं. रुळांच्या अलीकडे आणि पलीकडे, अगदी समोरासमोर, त्याने बसायला एकेक सुंदर बाक उगवला होता.