निळ्या पाखराचं बिऱ्हाड

"विश्वास नाही बसायचा तुमचा, लव्हॉनबाई, पण आज त्या निळ्या पाखरानं मला नावानं हाक मारली!" कुंपणावर रेलून म्हातारा डेल्मर म्हणाला.

बायको गेल्यापासून त्याला एकट्यानं न्याहारी गिळवत नव्हती. काउंटीच्या जत्रेतून त्यानं लाल छपराचं शोभिवंत पक्षीघर आणलं. आधी ते सफरचंदाच्या झाडावर टांगलं, मग गुलाबांत खांब रोवला. तिथंही जिवाला चैन पडेना, तेव्हा खांब उपटून शेजारणीच्या कुंपणाला अगदी खेटून उभा केला. तेव्हापासून रोज सकाळी पाखरांची ताजी खबर घेऊन स्वारी कुंपणाशी हजर. नर म्हणे चर्चमधली भजनं शिट्टीवर म्हणतो, आणि मादीला फक्त डेल्मरच्याच हातचा मक्याचा पाव चालतो.

"हळू बोला हं," तो कुजबुजला, "पिल्लं आत्ताच आत झोपलीत."

लव्हॉनबाईंनी धुण्याची टोपली खाली ठेवली, जवळ आल्या आणि पक्षीघरावर बोटानं टकटक केली.

 

"अहो डेल्मर, ह्याला दारच नाहीये, नुसता काळा ठिपका रंगवलाय. माझ्या घराला आहे. कॉफी प्यायची तर सरळ त्यातून या."